भुतांना दार उघडणारी पुस्तकं

कुणी नाणी जमवतं, कुणी पोस्टाची तिकिटं, कुणी जुने अडकित्ते. मी भुतांची पुस्तकं जमवते. तीही आपल्याकडच्या मुंजा-हडळींची नव्हेत, तर अमेरिकेतल्या लहान मुलांसाठी निघालेली, हॅलोविनच्या सणाची, जुनी चित्रांची पुस्तकं. आजमितीला एकसष्ट आहेत. बेळगावात आमच्या घरी ज्या कपाटात पूर्वी सासूबाईंची इरकली लुगडी असत, तिथे आता ही मंडळी मुक्कामाला आहेत. पाहुणे कपाट बघतात, हसतात आणि एकच प्रश्न विचारतात, "या वयात हे काय?" त्या प्रश्नाचं सविस्तर उत्तर द्यावं म्हणून हा लेख.

आधी सणाविषयी थोडं. हॅलोविन 31 ऑक्टोबरच्या रात्री असतो. त्याचं मूळ आयर्लंड आणि स्कॉटलंडकडच्या जुन्या केल्टिक लोकांत. सुगी संपून हिवाळा लागण्याच्या सांध्यावर मेलेल्यांचे आत्मे घराकडे येतात, अशी त्यांची समजूत होती. पुढे ख्रिस्ती धर्मातला सर्व संतांचा दिवस 1 नोव्हेंबरला आला आणि त्याच्या आदली रात्र ती ही. 2 नोव्हेंबरला आपल्या कॅम्पातली ख्रिस्ती मंडळी कबरीवर फुलं नि मेणबत्त्या घेऊन जातात, तो दिवसही याच साखळीतला. एकोणिसाव्या शतकात आयरिश लोक मोठ्या संख्येने अमेरिकेत गेले, त्यांच्याबरोबर ही प्रथाही गेली. गावाकडे ते सलगम कोरून त्यात दिवा ठेवत. अमेरिकेत भोपळा मोठा, मऊ आणि मुबलक, म्हणून सलगमची जागा भोपळ्याने घेतली. मुलं भुताचा नाहीतर चेटकिणीचा वेष घेऊन दारोदार जातात आणि गोळ्या-चॉकलेटं मागतात, हे मात्र मुख्यतः विसाव्या शतकातलं. दुसऱ्या महायुद्धात साखरेवर रेशन होतं. ते 1947 साली उठलं आणि मग ही प्रथा देशभर फोफावली. माझी बहुतेक पुस्तकं त्यानंतरच्या तीस-पस्तीस वर्षांतली.

आपल्याला पितृपक्ष माहीत आहे. सुनेच्या माहेरी, धारवाडला, महालय अमावास्येला पानं वाढतात. मेलेली माणसं वर्षातून एकदा घरी येतात आणि त्यांना जेवू घालायचं असतं, हे आपल्याला कुणी वेगळं समजावून सांगायला नको. आपण कावळ्याला घास ठेवतो, ते मुलांच्या ओंजळीत गोळी ठेवतात.

मी पहिल्यांदा अमेरिकेला गेले ती 2012 साली. मुलगा-सून न्यू जर्सी सोडून नुकतेच मॅसॅच्युसेट्समधल्या एका लहान गावी राहायला आले होते. नात पाच वर्षांची. तिथे प्रत्येक गावाला सार्वजनिक वाचनालय असतं आणि वर्षातून एक-दोनदा काढून टाकलेल्या पुस्तकांची विक्री लागते. लांब टेबलं मांडलेली, पुस्तकं खोक्यात उभी, आणि गल्ल्यावर गावातलीच निवृत्त मंडळी. त्या खोक्यात मला 'जॉर्जी' सापडला. किंमत दोन डॉलर.

'जॉर्जी' हे रॉबर्ट ब्राइट यांचं पुस्तक. मजकूर त्यांचा, चित्रंही त्यांचीच. 1944 साली पहिल्यांदा निघालं. जॉर्जी हे एक लहानसं भूत. व्हिटेकर नावाच्या नवरा-बायकोच्या घरात माळ्यावर राहणारं. त्याचं काम एवढंच, की रोज रात्री ठरलेल्या वेळी जिन्याची पायरी करकरवायची आणि बैठकीच्या खोलीचं दार कुरकुरवायचं. तो आवाज आला की व्हिटेकर मंडळी झोपायला जात, मांजर शिकारीला निघे आणि घुबड जागं होई. एक दिवस व्हिटेकर पायरीला खिळे ठोकतात, बिजागरीला तेल घालतात. आवाज बंद. मग कुणाला कळेचना, की कधी झोपायचं नि कधी उठायचं! जॉर्जी बिचारा दुसरं घर शोधत फिरतो. शेवटी हिवाळा उलटतो, खिळे सैल होतात, बिजागरी गंजते आणि भूत घरी परत येतं.

हे वाचताना मला सावंतवाडीकडचा वेतोबा आठवला. आरवलीचा वेतोबा रात्री गावाची राखण करत हिंडतो आणि त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून भक्त त्याला मोठाल्या चामड्याच्या चपला वाहतात. भुतांचा अधिपती, पण घाबरवायला नव्हे तर राखायला बसवलेला. गोव्यातही बेताळाची देवळं आहेत. न्यू इंग्लंडच्या लाकडी घरातलं भूत आणि कोकणातला वेतोबा यांची ओळख कुणी करून दिलेली नाही. पण दोघांनाही माणसांनी एकच काम नेमून दिलं आहे: आम्ही झोपतो, तू जागा राहा.

त्या दोन डॉलरच्या पुस्तकापासून माझा छंद सुरू झाला. मग हळूहळू त्यातली मेख कळत गेली. या पुस्तकांत नारिंगी आणि काळा रंग एवढे का दिसतात? सणाचे रंग ते आहेत, हे खरंच, पण दुसरं कारण छापखान्याचं. त्या काळी मुलांचं पुस्तक चारही रंगांत छापणं महाग पडे. प्रकाशक चित्रकाराला दोन किंवा तीनच रंग देई. चित्रकाराने प्रत्येक रंगासाठी वेगळं चित्र, पारदर्शक कागदावर, एकावर एक बरोबर बसेल असं काढून द्यायचं. काळ्या रेषेचा कागद वेगळा, नारिंगी रंगाचा वेगळा. छपाईत कागद केसभर सरकला की भोपळ्याचा रंग रेषेबाहेर सांडतो. माझ्याकडच्या काही पुस्तकांत असे सांडलेले भोपळे आहेत आणि मला ते फार आवडतात. संगणकावरच्या आजच्या चित्रात रंग असा सांडत नाही.

पहिली आवृत्ती कशी ओळखायची, तेही शिकले. डबलडे या प्रकाशनाच्या जुन्या पुस्तकांत तसं स्पष्ट छापलेलं असे. 1970 नंतरच्या बऱ्याच पुस्तकांत आकड्यांची एक ओळ असते. त्यात 1 हा आकडा शिल्लक असेल, तर सहसा ती पहिली छपाई. वेष्टनाच्या आतल्या घडीवर किंमत नसेल, तर बहुधा पुस्तक-मंडळाची स्वस्त प्रत. वाचनालयातून काढलेल्या प्रतीला विक्रेते 'एक्स-लायब्ररी' म्हणतात आणि तिची किंमत एकदम उतरते. आत शिक्का, मागे कार्डाचा खिसा, तारखांची चिठ्ठी, पानांना चिकटपट्टी. शौकीन लोक अशी प्रत हातात धरत नाहीत.

मी नेमक्या त्याच प्रती घेते. पैसे कमी पडतात, हे एक. पण तारखांची चिठ्ठी हे दुसरं आणि खरं कारण. माझ्या एका पुस्तकाच्या चिठ्ठीवर वर्षामागून वर्ष ऑक्टोबर महिन्याचेच शिक्के आहेत. मध्ये जुलैचा एकच! कुणी एक मूल भर उन्हाळ्यात चेटकिणीचं पुस्तक मागायला आलं असेल आणि ग्रंथपालबाईंनी हसून दिलं असेल. कोऱ्या करकरीत प्रतीत हे कुठून मिळणार?

चेटकिणींचे तरी किती प्रकार! डॉन फ्रीमन यांच्या 1959 सालच्या 'स्पेस विच'मधली चेटकीण झाडूवर समाधान न मानता अवकाशयान तयार करते. रशियाने पहिला उपग्रह सोडला तो 1957 साली. दोन वर्षांत चेटकिणीलाही वारं लागलं. लॉर्ना बेलियन यांच्या 1965 सालच्या 'हम्बग विच'मध्ये एका छोट्या चेटकिणीला काही केल्या जादूच जमत नाही. शेवटी ती टोपी, केस, मुखवटा एकेक काढत जाते आणि आतून एक साधी मुलगी निघते. मूल जेव्हा ते पान उलटतं, तेव्हा त्याच्या तोंडाकडे बघावं.

सगळ्यांना हे पटतं असं नाही. आमच्या वन्सं एकदा स्पष्टच म्हणाल्या, "वहिनी, लक्ष्मीच्या घरात चेटकिणी कशाला? मुलं झोपेत दचकतील." त्यांचं म्हणणं मी उडवून लावलं नाही, कारण चेटकीण हा शब्द सगळीकडे गमतीचा नाही. मुलाच्या गावापासून सेलम फार दूर नाही. 1692 साली तिथे चेटूक केल्याच्या आरोपावरून खटले चालले. एकोणीस जणांना फाशी दिली, एका वृद्धाला छातीवर दगड रचून मारलं. आपल्याकडे भानामतीच्या नावाखाली कुणाकुणाचे काय हाल झाले, ते या भागात वेगळं सांगायला नको. महाराष्ट्राने 2013 साली आणि कर्नाटकाने 2017 साली याविरुद्ध कायदे केले, ते उगाच नव्हेत. मी वन्संना एवढंच म्हटलं, की शेजारच्या बाईला चेटकीण ठरवणारी माणसं घाबरलेली असतात. ज्या मुलाने लहानपणी मुखवट्यामागची मुलगी पाहिली आहे, ते मोठेपणी इतक्या चटकन घाबरणार नाही. वन्संना ते किती पटलं, देव जाणे. पण पुढच्या खेपेला त्यांनीच नातवासाठी एक पुस्तक मागून नेलं.

आता ज्या पुस्तकासाठी हा सगळा पसारा, त्याविषयी. 'अ टायगर कॉल्ड थॉमस'. लेखिका शार्लट झोलोटोव्ह, चित्रं कुर्ट वेर्थ यांची, साल 1963. थॉमस नावाचा मुलगा आईवडिलांबरोबर नव्या घरी राहायला येतो. आई सांगते, बाहेर जा, मुलांशी ओळख कर. तो जात नाही. पडवीत बसून रस्त्यावरची माणसं नुसती बघत राहतो. हॅलोविनला आई त्याला वाघाचा पोशाख आणते. मुखवटा घातल्यावर त्याला वाटतं, आता आपल्याला कोण ओळखणार! तो धीर करून बाहेर पडतो, दारोदार जातो. आणि प्रत्येक दारात लोक त्याला नावाने हाक मारतात. तो त्यांना पडवीतून बघत होता, तेव्हा तेही त्याला बघत होते, एवढीच गोष्ट.

ही चित्रं काढणारे वेर्थ जर्मनीतले. नाझी राजवटीत देश सोडून अमेरिकेत आलेले. नव्या गावी पडवीत बसणं म्हणजे काय, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

आमची नात अगदी थॉमसच होती. न्यू जर्सीत तिच्या आजूबाजूला मराठी, कन्नड, गुजराती घरं होती. या गावात तिच्यासारखं दिसणारं एकही मूल वर्गात नव्हतं. शाळेत ती बोलत नसे. घरी माझ्याशी मराठी, आईशी कन्नड आणि बाहेर गप्प. शिक्षिकेने चिठ्ठी पाठवली, की हिला इंग्रजी समजत नसावं. समजत होतं सगळं. सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं. "अत्ते, आपण घरी दोन भाषा बोलतो म्हणून असं होतंय का? एक बंद करूया का?" असं तिने मला विचारलं. कुठली बंद करायची, हे मात्र तिने विचारलं नाही आणि मीही विचारलं नाही. त्या आठवड्यात आमच्या घरात दोन्ही भाषा दबक्या आवाजात बोलल्या जात होत्या.

थॉमसचं पुस्तक मला त्याच सुमारास वाचनालयात मिळालं. मी ते नातीला मराठीत सांगितलं. रात्री तिच्या आईने कन्नडमध्ये सांगितलं. पुस्तक इंग्रजी, पण चित्रं कुठल्याही भाषेत बोलत होती. चार-पाच दिवसांनी नात ते पुस्तक उलटं धरून, पानं आमच्याकडे करून, शिक्षिकेसारखी आम्हा दोघींना इंग्रजीत सांगायला लागली. अगदी शब्द न शब्द नव्हे, तिच्या मनाने. 31 ऑक्टोबरला ती वाघ झाली नाही, तिला मांजर व्हायचं होतं. मी तिच्याबरोबर गेले, साडी, वर मुलाचा जाड कोट आणि पायात बूट अशा अवतारात. पहिल्या दोन दारांशी ती माझ्या मागे लपली. तिसऱ्या दारात एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांनी तिचं नाव घेतलं. उच्चार चुकीचा होता. तिने मुखवटा वर केला आणि तो दुरुस्त करून सांगितला. मोठ्याने!

त्यानंतर सगळं सुरळीत झालं, असं नाही. शाळेत मोकळं बोलायला तिला पुढचं जवळजवळ वर्ष लागलं. पण घरातली कुठलीही भाषा बंद झाली नाही. आज ती कॉलेजात आहे. मला आजी म्हणते, धारवाडच्या आजीला अज्जी म्हणते आणि दोघींशी दोन भाषांत भांडते.

दाराचा विषय निघाला की सून 'नाळे बा'ची आठवण काढते. 1990 च्या दशकात बेंगळुरूकडे आणि कर्नाटकात बऱ्याच ठिकाणी आवई उठली होती, की रात्री एक चेटकीण ओळखीच्या माणसाचा आवाज काढून दार ठोठावते. म्हणून लोकांनी दारावर लिहून ठेवलं, 'नाळे बा', उद्या ये. ती रोज वाचते आणि रोज परत जाते. भुताला हाकलायचंही नाही आणि आत घ्यायचंही नाही, नुसतं उद्यावर ढकलायचं! युक्ती हुशारीची आहे. पण मला वाटतं, भाषांच्या बाबतीत आपण सीमाभागातली माणसं एकमेकांना फार वेळा 'उद्या ये' म्हणतो. भांडण नको, म्हणून दार लावून घेतो. ही जुनी पुस्तकं मला आवडतात ती यासाठी, की त्यांत शेवटच्या पानापर्यंत कुणीतरी दार उघडतंच.

चित्र भाषेची हद्द कशी ओलांडतं, हे आपल्या पिढीला खरं तर 'चांदोबा'ने शिकवलंय. 1947 साली तेलुगू आणि तमिळमध्ये सुरू झालेलं 'चंदामामा' पुढे मराठीत 'चांदोबा' झालं, कन्नडमध्ये 'चंदमामा' राहिलं. खांद्यावर प्रेत घेऊन तलवार उपसून चाललेला विक्रम आपण मराठीत पाहिला, शेजारच्या कन्नड घराने कन्नडमध्ये पाहिला. चित्र एकच, शंकर यांचं. के. सी. शिवशंकरन हे त्यांचं पूर्ण नाव. 2020 साली ते गेले, मासिक त्याआधीच बंद पडलं होतं. माझी सून आणि मी वेगवेगळ्या भाषांत, वेगवेगळ्या वर्षी, एकाच वेताळाला घाबरलो आहोत. सासू-सुनेचं जमायला याहून चांगला पाया कुठला?

चित्रं बदलली की पुस्तक बदलतं, हेही संग्रहामुळे कळलं. थॉमसची गोष्ट पुढे नव्या चित्रकारांकडून पुन्हा पुन्हा काढून घेतली गेली. 1988 सालच्या आवृत्तीची चित्रं कॅथरिन स्टॉक यांची आहेत. नवी चित्रं वाईट नाहीत, रंगही भरपूर आहेत. पण ज्या मुलाने 1963 सालची प्रत हाताळली, त्याचा थॉमस वेगळा. जुनी प्रत रद्दीत गेली, की तो थॉमसही जातो.

म्हणून सांभाळायचं. मॅसॅच्युसेट्समधली कोरडी थंडी कागदाला मानवते. बेळगावचा पाऊस मानवत नाही. जून ते सप्टेंबर पुस्तकांना बुरशी धरते, कसर लागते. मी प्रत्येक पुस्तक बटरपेपरच्या पाकिटात ठेवते, कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढते, फळीवर वाळलेला कडुलिंबाचा पाला पसरते. चिकटपट्टी मात्र कुठल्याही पानाला लावत नाही, ती काही वर्षांत पिवळी पडून कागद खाते. खंडेनवमीला आमच्याकडे वह्या-पुस्तकं, हत्यारं पूजेला मांडतात. त्याच्या आदल्या दिवशी सगळी एकसष्ट बाहेर काढून सावलीत वाऱ्यावर ठेवते. उन्हात नाही, रंग उडतात.

पुस्तकं इकडे आणताना मुलाची कटकट असते. "आई, बॅगेत तेवीस किलोच चालतात गं, लोणचं आणणार की भुतं नेणार?" जाताना लोणचं, येताना भुतं, असा हिशेब आम्ही ठरवून टाकला आहे. तिकडच्या एका पुस्तकविक्रेत्याने 'जॉर्जी'च्या बदल्यात कोरी प्रत देऊ केली होती. माझ्या प्रतीत एका पानावर कुण्या मुलाने पेन्सिलीने जॉर्जीला मिशा काढल्या आहेत. मी अदलाबदल केली नाही.

गेल्या दोन वर्षांपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी गल्लीतली मुलं येतात. आठ-दहा असतील. भोपळा कोरत नाही, भोपळ्याच्या घाऱ्या करते. पुस्तक इंग्रजी, मी सांगते मराठीत, आणि समोरच्या घरातला तिसरीतला मुलगा मधेच थांबवून बाकीच्या मुलांना कन्नडमध्ये सांगतो. 'भूत'ला तो 'देव्व' म्हणतो. मागच्या खेपेला मराठी शाळेतली मुलंही 'देव्व, देव्व' ओरडत घरी गेली. वन्संनी कानावर हात ठेवले, पण हसत.

तुमच्या माळ्यावर जुने 'चांदोबा' असतील, कन्नड 'चंदमामा' असतील, कुणाचं शाळेतलं बक्षीस म्हणून मिळालेलं चित्रांचं पुस्तक असेल. दिवाळीच्या साफसफाईत ते रद्दीवाल्याला देण्याआधी एकदा उघडून बघा. आत कुणाचं नाव असेल, कुणी काढलेल्या मिशा असतील. एखाद्या मुलाला जवळ बसवून वाचून दाखवा. भाषा कुठली, ते त्या मुलालाच ठरवू दे.